कृष्णद्रव्य : सिद्धांत व त्यांच्या कसोट्या

कृष्णद्रव्य : प्रकाश, उष्णता, रेडिओ तरंग वा अन्य कोणतेही प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) उत्सर्जित वा शोषित न करणारे, परंतु ज्याचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणाच्या परिणामांवरून अनुमानिले जाते, अशा द्रव्यास ही संज्ञा देतात. अवकाशातील सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाच्या वेधांवरून विश्वाच्या एकूण ऊर्जा-द्रव्यसाठ्यात नेहमीच्या अणूंनी बनलेल्या द्रव्याचा वाटा सु. ५ टक्के व कृष्णद्रव्याचा सु. २७ टक्के येतो. उरलेला भाग कृष्णऊर्जा या नावाने ओळखला जातो. म्हणजे तारे, ग्रह, वायू व धूळ यांच्या रूपाने परिचित असलेल्या द्रव्याच्या पाचपटींहून अधिक द्रव्य अपरिचित आहे. ते कशाचे बनले आहे याविषयी अनेक सिद्धांत मांडले गेले व त्यांतील बहुतेकांना वेधांच्या वा प्रयोगांच्या कसोटीवर माघार घ्यावी लागली. या कसोट्यांच्या इतिहासात मुंबई व पुणे येथील संशोधनाला निश्चित स्थान आहे. प्रस्तुत नोंदीत तो इतिहास दिला आहे.

प्रश्नाचे स्वरूप : खस्थ पदार्थाचे द्रव्यमान त्याभोवती फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीवरून काढतात. पुण्याच्या मार्केट यार्डात मालाने भरलेली गाडी भुईकाट्यावर उभी केली व रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, म्हणजे पोती न उघडता मालाचे वजन कळते. पोत्यांत काय आहे, हे मात्र काटा सांगत नाही. दीर्घिकेच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या) परिभ्रमणगतीवरून होणारे द्रव्यमापन याच जातीचे आहे. काट्याने दाखविलेले वजन डोळ्यांना दिसणाऱ्या पोत्यांच्या मानाने फारच जास्त भरले, तर दोन शक्यता उरतात : गाडीत न दिसणारा माल आहे किंवा काट्यातच दोष आहे. कृष्णद्रव्याविषयीचा सर्व वाद या दोन शक्यतांमधील आहे. येथे काटा म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नियम होय.

एकोणिसाव्या शतकात या दोन्ही शक्यता एकेकदा खऱ्या ठरल्या होत्या. युरेनस ग्रहाच्या गतीतील तफावत एखाद्या अज्ञात ग्रहामुळे असावी, असे गणित फ्रेंच ज्योतिर्विद ल व्हेर्ये यांनी मांडले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन येथे नेपच्यून हा ग्रह अपेक्षित स्थानाजवळ सापडला. पुढे १८५९ मध्ये त्यांनीच बुध ग्रहाच्या कक्षेतील तफावत दाखवून दिली. तिच्यासाठी सूर्यानजीक व्हल्कन नावाचा ग्रह कल्पिण्यात आला. पण तो कधीच सापडला नाही. शतकास सु. ४३ विकला इतक्या या तफावतीचा उलगडा १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने झाला. पहिल्या प्रसंगी न दिसणारा माल निघाला, तर दुसऱ्या प्रसंगी काटाच दुरुस्त करावा लागला. सारख्याच दिसणाऱ्या तफावतींची कारणे वेगळी असू शकतात, हा धडा त्यातून मिळाला.

कृष्णद्रव्याचा पुरावा : स्विस ज्योतिर्विद फ्रिट्‌झ झ्विकी (१८९८–१९७४) यांनी १९३३ मध्ये कोमा या दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या गती अभ्यासल्या. त्या इतक्या मोठ्या होत्या की, केवळ दृश्य द्रव्याच्या आकर्षणाने समूह एकत्र टिकणे शक्य नव्हते. समूहात दृश्य द्रव्याच्या कितीतरी पट कृष्ण द्रव्य असावे, असे त्यांनी सुचविले. पुढे क्ष-किरणांच्या वेधांवरून अशा समूहांत अतितप्त वायूचा मोठा साठा आढळला व तुटीचा काही भाग भरून निघाला. पण बराच मोठा भाग शिल्लकच राहिला.

प्रश्नाला खरी निकड आली ती १९७० नंतर. सूर्यकुलात सूर्यापासूनचे अंतर वाढेल तशी ग्रहांची गती घटते. बुधाची सरासरी गती सेकंदास सु. ४७ किमी., तर नेपच्यूनची सु. ५·४ किमी. आहे. दीर्घिकेच्या प्रकाशमान भागाबाहेरही गती अशीच घटावी, अशी अपेक्षा होती. व्हेरा रुबिन (१९२८–२०१६) व केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेचे व १९८० मध्ये २१ सर्पिल दीर्घिकांचे वेध प्रसिद्ध केले. गती घटत नाही, ती जवळजवळ सारखीच राहते, असे त्यांत दिसले. हायड्रोजन वायूपासून येणाऱ्या २१ सेंमी. तरंगलांबीच्या रेडिओ तरंगांच्या साहाय्याने ॲल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये तोच निष्कर्ष दृश्य ताऱ्यांच्या पलीकडच्या भागातही दाखविला. दीर्घिकेभोवती विस्तीर्ण अदृश्य परिवेश (सभोवार पसरलेला भाग) आहे, ही कल्पना यानंतर सामान्यतः मान्य झाली.

न्यूट्रिनो सिद्धांत : कृष्णद्रव्य कशाचे असावे याचे एक आरंभीचे व निश्चित उत्तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रामनाथ कौशिक यांनी दिले. अमेरिकेत बर्कली येथे असताना त्यांनी जे. मॅकक्लेलंड यांच्यासह १९७२ व १९७३ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. न्यूट्रिनो हा विद्युत्‌भाररहित व इतर द्रव्याशी अत्यल्प परस्परक्रिया करणारा मूलकण त्या काळी सामान्यतः द्रव्यमानरहित समजला जाई. विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेत असंख्य न्यूट्रिनो निर्माण झाले असले पाहिजेत आणि ते आजही सर्वत्र असले पाहिजेत. तेव्हा त्यांना थोडे जरी द्रव्यमान असले, तरी विश्वाच्या प्रसरणावर त्याचा परिणाम होईल, असा पहिल्या निबंधाचा युक्तिवाद होता. त्यावरून न्यूट्रिनोचे द्रव्यमान ८ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या द्रव्यमानाच्या साठ हजाराव्या भागापेक्षाही कमी असले पाहिजे, अशी मर्यादा काढण्यात आली. विश्वस्थितिशास्त्रावरून न्यूट्रिनोच्या द्रव्यमानास मर्यादा घालण्याचा प्रयत्न सोव्हिएट शास्त्रज्ञ गेर्श्टाइन व झेल्डोव्हिच यांनी १९६६ मध्ये केला होता; या निबंधातील मर्यादा त्यापेक्षा पुष्कळच काटेकोर होती. दुसऱ्या निबंधात ही कल्पना पुढे नेण्यात आली. न्यूट्रिनोला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट द्रव्यमान असल्यास कोमासारख्या समूहांतील न दिसणारे द्रव्य न्यूट्रिनोंचेच असू शकेल, असे तीत प्रतिपादिले होते. कृष्णद्रव्य अणूंचे नसून एका मूलकणाचे असू शकते, ही पुढील सर्व संशोधनास दिशा देणारी कल्पना येथे स्पष्ट रूपात आढळते.

या सिद्धांताचे मोठे बळ असे की, तो खोडून काढता येण्याजोगा होता. न्यूट्रिनो अत्यंत वेगवान असल्याने ते लहान जागेत दाटीने साठू शकत नाहीत. पुंज सिद्धांताच्या नियमांनुसार त्यांच्या दाटीला कमाल मर्यादा असते, हे स्कॉट ट्रिमेन व जेम्स गन यांनी १९७९ मध्ये दाखविले. त्यामुळे कसोटी मोठ्या समूहांकडून लहान दीर्घिकांकडे वळली. सामान्य दीर्घिकांच्या मानाने फारच थोडे तारे असलेल्या खुज्या दीर्घिकांतही पुष्कळ कृष्णद्रव्य असल्याचे पुरावे १९८३ पासून मिळू लागले. इतक्या लहान जागेत ते न्यूट्रिनोंचे असावयाचे, तर न्यूट्रिनो विश्वाच्या प्रसरणाला परवडणार नाहीत इतके जड असावे लागतात. त्याच सुमारास संगणकीय गणितांवरून असेही दिसले की, न्यूट्रिनोप्रधान विश्वात आधी प्रचंड रचना बनतील व दीर्घिका फार उशिरा बनतील. प्रत्यक्ष वेध याच्या विरुद्ध होते. न्यूट्रिनोला द्रव्यमान असते, हे १९९८ मध्ये जपानमधील सूपर-कामिओकांडे प्रयोगाने सिद्ध केले. परंतु जर्मनीतील काट्रिन प्रयोगाच्या २०२५ मधील निष्कर्षानुसार ते ०·४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी आहे. म्हणजे न्यूट्रिनो हे एक प्रकारचे कृष्णद्रव्यच होत. पण त्यांचा वाटा अल्प आहे. सिद्धांताचा गाभा टिकला व मूळ दावा मागे पडला.

शीत कृष्णद्रव्य व काट्यातील दोष : न्यूट्रिनोंच्या जागी मंद गतीच्या व बहुधा जड अशा अज्ञात कणांची कल्पना १९८२ पासून पुढे आली. तिला शीत कृष्णद्रव्य म्हणतात. दीर्घिकांच्या मोठ्या प्रमाणावरील मांडणीचे स्पष्टीकरण तिने चांगले होते. याउलट इझ्राएली शास्त्रज्ञ मोर्डेहाय मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये काटाच दुरुस्त करण्याचा मार्ग सुचविला. त्यांच्या मते गुरुत्वजन्य प्रवेग दर सेकंदास सेकंदाला सु. १·२ × १०⁻¹⁰ मी. या अत्यल्प मूल्याहून कमी झाला की न्यूटन यांचे नियम बदलतात व कृष्णद्रव्याची गरजच राहत नाही. एकाच नव्या स्थिरांकाच्या आधारे अनेक दीर्घिकांच्या परिभ्रमणगती या मताने बरोबर सांगता येतात, ही गोष्ट त्याच्या विरोधकांनीही मान्य केली आहे.

पुण्याजवळील वेध : या दोन मतांची कसोटी घेण्यास सर्वांत उपयुक्त दीर्घिका म्हणजे ज्यांत तारे थोडे, वायू पुष्कळ व कृष्णद्रव्याचे प्राबल्य केंद्रापासूनच आहे अशा खुज्या दीर्घिका होत. मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचेच द्रव्यमान जास्त असल्याने तेथे कृष्णद्रव्याचा हिशेब संदिग्ध राहतो. खुज्या दीर्घिकांतील हायड्रोजनाचे तरंग मात्र फार क्षीण असतात व त्यांकरिता मोठ्या क्षेत्रफळाचा रेडिओ दूरदर्शक लागतो.

असा दूरदर्शक पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्राने तो उभारला. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांपैकी (अँटेनांपैकी) १४ मध्यवर्ती भागात व १६ वाय या रोमन अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर असून त्यांचा विस्तार सु. २५ किमी. आहे. तबकडीसाठी भरीव पत्रा न वापरता ताणलेल्या तारांची जाळी वापरल्याने वाऱ्याचा दाब व खर्च हे दोन्ही कमी झाले. एकाच यंत्रणेत जवळ व दूर असे दोन्ही प्रकारचे आकाशक असल्याने वायूचा पसरट क्षीण भाग व त्यातील बारीक तपशील हे दोन्ही एकाच वेधात टिपता येतात. खुज्या दीर्घिकांच्या अभ्यासास हा गुण विशेष उपकारक ठरला.

पुण्याच्या या केंद्रातील आयेशा बेगम व जयराम चेंगलूर यांनी अशा दीर्घिकांच्या वेधांची मालिका हाती घेतली. कॅमेलोपार्डेलिस बी या अतिक्षीण दीर्घिकेत वायूचे सुसंगत परिभ्रमण आढळल्याचे त्यांनी उलरिख हॉप यांच्यासह २००३ मध्ये प्रसिद्ध केले. इतक्या लहान दीर्घिकांतील वायूची गती अस्ताव्यस्त असते, असा तोवरचा समज होता. शीत कृष्णद्रव्याच्या संगणकीय गणितांनुसार परिवेशाची घनता केंद्राकडे सतत वाढत जाऊन टोकदार व्हावयास हवी होती. परंतु या दीर्घिकेची परिभ्रमणगती मध्यभागी जवळजवळ एकसारखी घनता असलेल्या परिवेशाशी जुळली. टोकदार परिवेशाशी तिचा मेळ बसला नाही. इतर दीर्घिकांवरून १९९४ पासून उपस्थित झालेल्या शंकेला यामुळे बळकटी मिळाली.

याहून उद्‌बोधक उदाहरण एनजीसी ३७४१ या सप्तर्षी तारकासमूहातील, सु. १ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या खुज्या दीर्घिकेचे आहे. इगोर काराचेंत्सेव्ह यांच्या सहकार्याने २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खोडद येथील वेधांत तिच्या हायड्रोजनाची तबकडी ताऱ्यांच्या दृश्य विस्ताराच्या आठपटींहून अधिक पसरलेली आढळली. सौर एककांत मोजल्यास तिचे एकूण द्रव्यमान व तेज यांचे गुणोत्तर शंभरावर जाते. म्हणजे ती ज्ञात अनियमित दीर्घिकांपैकी अत्यंत कृष्ण अशी एक दीर्घिका होय. एवढ्या दूरवर गती मोजता आल्याने ती दोन्ही मतांची कसोटी ठरली. जानफ्रांको जेन्टिले व सहकाऱ्यांनी नेदर्लंड्समधील वेस्टरबोर्क दूरदर्शकाने तिचे पुन्हा वेध घेतले. त्यांच्या २००७ मधील निष्कर्षानुसार एकसारख्या घनतेचा गाभा असलेला कृष्णद्रव्याचा परिवेश किंवा मिलग्रॉम यांचा नियम या दोहोंनीही वेधांचे स्पष्टीकरण चांगले होते. शीत कृष्णद्रव्याच्या साध्या गणितातील टोकदार परिवेशाने होत नाही. एकाच कसोटीने एक साधा पर्याय बाद केला, पण मूळच्या दोन मतांत निवाडा केला नाही. ताऱ्यांच्या स्फोटांमुळे वायू वारंवार बाहेर फेकला जाऊन मध्यभागातील कृष्णद्रव्य विरळ होत असावे, असे स्पष्टीकरण नंतर पुढे आले. ते अतिक्षीण दीर्घिकांना कितपत लागू पडते, याविषयी अद्याप मतभेद आहेत.

साध्या द्रव्याची शक्यता : कृष्णद्रव्य विझलेल्या ताऱ्यांसारख्या साध्या वस्तूंचे असू शकेल काय, हाही प्रश्न होता. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खभौतिकी केंद्राचे (आयुकाचे) संस्थापक-संचालक जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांनी फ्रेड हॉयल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिरवत् स्थिती सिद्धांत मांडला. या सिद्धांतात विश्व फार प्राचीन असल्याने जुन्या मृत ताऱ्यांच्या रूपातील साध्या कृष्णद्रव्यास त्यात भरपूर वाव होता. महास्फोट सिद्धांतात हलक्या मूलद्रव्यांच्या प्रमाणामुळे साध्या द्रव्यावर येणारी मर्यादा येथे लागू होत नव्हती. हा सिद्धांत बहुसंख्य ज्योतिर्विदांनी स्वीकारला नाही. परंतु मृत ताऱ्यांची शिरगणती करून पाहण्याजोगी होती.

ही गणती गुरुत्वीय भिंगपरिणामाने होते. अदृश्य वस्तू दूरच्या ताऱ्यासमोरून गेली की तिच्या आकर्षणाने ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढतो. ही पद्धत बोहदान पचिन्स्की यांनी १९८६ मध्ये सुचविली. १९९० नंतर मॅगेलनी मेघांतील लक्षावधी ताऱ्यांवर अनेक वर्षे पाळत ठेवण्यात आली. तेव्हा आकाशगंगेच्या परिवेशाचा फार तर थोडा भागच अशा वस्तूंचा असू शकतो, असे २००७ पर्यंत स्पष्ट झाले. विश्वाच्या आरंभी बनलेली छोटी कृष्णविवरे ही शक्यता मात्र उरली होती. जपानी ज्योतिर्विदांच्या एका गटाने हवाई बेटांवरील सुबारू दूरदर्शकाने देवयानी दीर्घिकेतील कोट्यवधी ताऱ्यांचे २०१४ मध्ये एका रात्री सलग ७ तास वेध घेतले. सुहृद मोरे व अनुप्रीता मोरे हे पुढे आयुकात आलेले दोन शास्त्रज्ञ या गटात होते. कृष्णद्रव्य केवळ अशा विवरांचे असते, तर सु. एक हजार घटना दिसावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात एकच संशयित घटना आढळली. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चंद्राइतक्या व त्याहून बऱ्याच हलक्या कृष्णविवरांच्या शक्यतेला त्यामुळे कडक मर्यादा पडल्या.

इतर कसोट्या : बुलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांच्या वेधांत २००६ मध्ये असे दिसले की, साध्या द्रव्याचा मोठा साठा असलेला तप्त वायू मध्येच अडकला, तर भिंगपरिणामावरून कळणारे बहुतांश द्रव्यमान दोन बाजूंना पुढे निघून गेले. काट्यातील दोषाने याचे स्पष्टीकरण करणे अवघड जाते; मिलग्रॉम यांच्या मतालाही दीर्घिकासमूहांत काही न दिसणारे द्रव्य मानावेच लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सु. १३ कोटी प्रकाशवर्षांवरील न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेले गुरुत्वीय तरंग व गॅमा किरण अवघ्या १·७ सेकंदांच्या फरकाने पोहोचले. या दोहोंच्या वेगांत मोठा फरक मानणारे गुरुत्वाकर्षणाचे अनेक पर्यायी सिद्धांत त्या एका घटनेने बाद झाले. अशा तरंगांचे वेध घेण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा परिसरात उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. सूर्याहून हलक्या कृष्णविवरांच्या टकरी आढळल्यास त्या आद्य कृष्णविवरांच्या खुणा ठरू शकतील.

कृष्णद्रव्याचा कण थेट पकडण्याचे प्रयोग १९८७ पासून खोल खाणींत व बोगद्यांत चालू आहेत. इटलीतील डामा प्रयोगाने असे कण आढळल्याचा व त्यांच्या संख्येत वार्षिक चढउतार होत असल्याचा दावा दीर्घकाळ केला. तेच सोडियम आयोडाइड वापरून दक्षिण कोरिया व स्पेन येथे केलेल्या स्वतंत्र प्रयोगांत तो चढउतार आढळला नाही. अमेरिकेतील द्रवरूप झेनॉनाच्या अतिसंवेदी प्रयोगातही २०२४ पर्यंत कण सापडला नाही. भारतात झारखंडमधील जादूगुडा येथील युरेनियमच्या खाणीत ५५५ मी. खोलीवर अशा शोधासाठी २०१७ मध्ये प्रयोगशाळा सुरू झाली.

समारोप : न दिसणाऱ्या द्रव्याच्या बाजूने पार्श्वप्रारण, दीर्घिकांची मांडणी, भिंगपरिणाम व समूहांच्या टकरी असे परस्परांपासून स्वतंत्र पुरावे आहेत, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ ती बाजू स्वीकारतात. तथापि द्रव्याचा एकही कण हाती लागलेला नाही आणि खुज्या दीर्घिकांतील गतींची नियमितता अजून पूर्णपणे उलगडलेली नाही. तेव्हा हे प्रकरण नेपच्यूनचे की व्हल्कनचे, याचा अंतिम निवाडा झालेला नाही. आतापर्यंतची प्रगती मुख्यतः वजाबाकीची आहे. जड न्यूट्रिनो, मृत तारे, चंद्राएवढी कृष्णविवरे व गुरुत्वाकर्षणाचे अनेक पर्यायी नियम यांचे क्षेत्र क्रमाने संकुचित झाले. ज्या सिद्धांतांनी आपण कोठे चुकू शकतो हे आधीच सांगितले, त्यांच्यामुळेच ही वजाबाकी शक्य झाली. कौशिक यांचा न्यूट्रिनो सिद्धांत याचे ठळक उदाहरण होय : त्याने दिलेले उत्तर अपुरे ठरले, परंतु त्याने घालून दिलेली विचारसरणी आजही प्रत्येक नव्या कणाला लावली जाते. एनजीसी ३७४१ सारख्या नगण्य वाटणाऱ्या दीर्घिकांचे अधिक सूक्ष्म वेध खोडद येथील सुधारित यंत्रणेने व परदेशांत उभारल्या जात असलेल्या नव्या दूरदर्शकांनी शक्य होत आहेत. पुढील कसोट्या बऱ्याच अंशी त्यांवरच अवलंबून राहतील.